पेन आणि पडदा यांची पत्रिका

टचस्क्रीन लॅपटॉपवर चित्रे काढण्यासाठी मागवलेले पेन आज हाती आले, त्यात करंगळीहूनही बारीक अशी एएएए बॅटरी घातली, आणि पडद्यावर रेघ काही उमटेना. बोट मात्र व्यवस्थित चालत होते. पेन सदोष समजून मी ते परत करायला निघाले होते, पण चूक माझीच निघाली. विंडोज लॅपटॉपांत पेन आणि पडद्याने एकमेकांशी बोलायच्या मायक्रोसॉफ्ट पेन प्रोटोकॉल आणि वॅकॉम या कंपनीचे एईएस अशा दोन भाषा प्रचलित असून, माझा पडदा पहिली बोलतो आणि हे पेन फक्त दुसरीच जाणते. ‘दाबाच्या ४०९६ पातळ्या’ या ओळीवर मी भुलले आणि हे पेन ज्यांवर चालते त्या लॅपटॉपांची यादी उघडलीच नाही.

सेटिंग्जमधील ‘अबाउट’मध्ये पेनचा उल्लेख आहे की नुसत्या टचचा, एवढे तरी आधी पाहावे. नुसता टच असेल तर रबरी टोकाच्या पेनावरच भागवावे लागते, आणि त्याने रेघ दाबानुसार जाड-बारीक होत नाही (गणपतीची सोंड काढून पाहा, लगेच कळेल). आता दोन्ही भाषा जाणणारे पेन मागवले आहे. तोवर कागद आणि बोरू.