आमची वाटचाल: धावपट्टीवरची तूर

आमच्याकडे आज दोन ट्रॅक्टर, सबसॉयलर (खालची कडक माती खोलवर फोडणारं अवजार), पलटी नांगर, लेझर लेव्हलर सगळं आहे, पण लोकांची रानं भाड्यानं नांगरून द्यायचा आमचा धंदा खरा उभा राहिला तो एका विमानपट्टीच्या कामानं, आणि बसायचीही वेळ त्याच कामानं आली होती.

पट्टी एका बागायतदाराची खाजगी, 800 मीटर लांब, 30 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ 6 एकर. पूर्वी कपाशीवर विमानानं फवारणी व्हायची त्या काळातली. शेजारचे काका सांगतात, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं बसंत हे फवारणीचं विमान त्यांनी तिथं उतरताना पाहिलंय. नंतर कित्येक वर्षं नुसतं गवत, सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीलायक नाही अशी नोंद. मालकाला ती परत वहितीत आणायची होती.

मधल्या 15 मीटरवर सहा इंच मुरूम होता, 600 ब्रासच्या वर. तो उचलून पाणंदीला टाकायचं काम आम्हाला मिळालं, नांगरट दुसऱ्या एका कंत्राटदाराला, कारण त्याचा रेट कमी. आम्ही तेव्हाच सांगितलं होतं की खाली रोलरनं दाबलेली काळी माती आहे, सबसॉयलर लागेल. कोण ऐकतंय! त्यानं रोटाव्हेटर फिरवला, वरची चार इंच माती भुसभुशीत केली आणि बिल घेऊन गेला.

जुलैत तिथं तळं झालं. तूर पिवळी पडून बसली. आणि गावभर बोंब आमच्या नावानं, म्हणे मुरूम नीट उचलला नाही! मालकानं आमचं बिल अडवलं, इकडे ट्रॅक्टरचे तीन हप्ते थकलेले, फायनान्सवाले दोनदा दारात येऊन गेले, घरात कुणी नीट बोलत नव्हतं.

तेव्हा काका उभे राहिले. हे आमचं पहिलं गिऱ्हाईक, आजपर्यंत एकदाही दुसऱ्याचा नांगर रानात घातला नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या कामाचे पैसे आगाऊ दिले आणि मालकाला घेऊन थेट पट्टीवर आले. स्वतः पहार मारली, चार इंचावर खण्णकन आवाज. मग तुरीचं एक झाड अलगद खणून काढलं. सोटमूळ चार इंच सरळ गेलेलं आणि तिथून काटकोनात आडवं वळलेलं! मुरमाचा एक खडा नव्हता. मालक बराच वेळ ते मूळ हातात धरून उभा होता.

एप्रिलात सबसॉयलर आमचा लागला. दीड-दोन फूट खोल, चार-चार फुटांवर तास, मग आडवे. घागरीएवढी ढेकळं निघाली. एक सांगतो, सबसॉयलर ओल्या रानात कधी घालू नका, माती फुटत नाही, नुसती चिरते आणि डिझेल जातं. जमीन कडक वाळलेली पाहिजे, मग खाली भेगा पडतात. नंतर तलावाचा गाळ टाकला, जूनमध्ये धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलावर यायच्या आत गाडला. त्या वर्षी पीक घेतलं नाही. मालक कुरकुरला, पण आम्ही अडून बसलो.

पुढच्या खरिपात तूर. पाणी दोन दिवसांत मुरलं. मूळ उपटायला गेलो तर उपटेना, मधेच तुटलं.

त्यानंतर मधली वर्षं बरी गेली, कामं मिळत गेली. तो कंत्राटदार आता सबसॉयलर भाड्यानं देतो असं ऐकतो. मालकाकडून मुरमाच्या बिलातले 40 हजार मात्र अजून यायचेत.