तुम्ही विचारलंत म्हणून: द्राक्षाच्या ग्रुपवरचे मेसेज आम्ही का काढतो

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्ष बागायतदारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आम्ही तिघं सांभाळतो. लग्नात, बाजार समितीत, औषधाच्या दुकानात कुठेही गाठ पडली की कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, ग्रुप शेतकऱ्यांचा आहे ना? मग ज्याला जे लिहायचंय ते लिहू द्या की. काढणारे तुम्ही कोण?" प्रश्न रास्त आहे. विचारणारे आपलेच आहेत. म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

काही मेसेज काढलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. ते जे लिहितात त्यांच्यामुळे नाही, जे कधीच लिहीत नाहीत त्यांच्यामुळे. आमच्या ग्रुपवर रोज बोलणारी माणसं ठरलेली आहेत. बाकीचे शेकडो जण वर्षानुवर्षं एक अक्षर टाकत नाहीत. पण वाचतात, आणि रात्री वाचलेलं सकाळी फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत जातं.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली आणि नेमका अवकाळी पाऊस झाला, तर डाऊनी हा बुरशीचा रोग घड हातचे घालवतो. त्या रात्री आमच्याकडे कोणाला झोप नसते. दोन वाजता प्रश्न येतात, पानाच्या खालच्या पांढऱ्या बुरशीचे फोटो येतात. अशा वेळी कोणीतरी लिहितं, "ही दोन औषधं मिसळून मारा, सकाळी डाऊनी साफ." प्रमाण किती, बाग कोणत्या अवस्थेत आहे, लिहिणाऱ्याने स्वतः हे कुठे मारलंय, काहीच नाही. घाबरलेला माणूस ते करतो. मीही शेतकरी आहे, त्या रात्री मीही ते केलं असतं.

आणि एकाच्या बागेतली फवारणी त्याच्या बागेपुरती राहत नाही. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे वेलीची वाढ आवरायला वापरतात त्या सीसीसीचे अंश मर्यादेबाहेर सापडले. कंटेनर अडकले, आणि ज्यांनी सगळं जपून केलं होतं तेही त्यात भरडले गेले. कोणत्या औषधाची शिफारस आहे, प्रमाण किती, काढणीच्या किती दिवस आधी ते थांबवायचं, ही यादी पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून मिळते. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे द्राक्ष पिकायला लागल्यावर, त्या यादीबाहेरचं काही सुचवणारा मेसेज आला, तर तो मी पाहताक्षणी काढतो. त्यावर आधी चर्चा करत बसत नाही.

आमच्या भागातल्या एका कन्सल्टंटने यावर मला सुनावलं होतं. "शेतकरी काय लहान मूल आहे? चूक असेल तर खाली कोणी लिहील ना, हे चूक आहे म्हणून. वाचणारा दोन्ही वाचून ठरवेल." हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण त्यामागे शेतकऱ्याबद्दलचा मान आहे. समोरासमोर बसून बोलत असतो, तर मी त्यांचंच ऐकलं असतं. पण फोनवर तसं होत नाही. वरचा मेसेज उचलून दहा ग्रुपवर जातो आणि खालची दुरुस्ती मागेच राहते. सटाण्याच्या कोणाला तरी तो मिळतो, तेव्हा त्याखाली चार जाणत्यांनी "असं करू नका" म्हटलं होतं, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

न बोलणाऱ्यांमध्ये ग्रुपवर नसलेले लोकही धरा. टाकी भरणारा, नळी हातात धरणारा बऱ्याचदा मजूर असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नसणं, डोक्याएवढी वाढलेली कपाशी अशी कारणं तेव्हा पुढे आली. कोणती दोन औषधं मिसळायची हे सांगणारा मेसेज आला की मला ती माणसं आठवतात. तो मेसेज त्यांनी वाचलेला नसतो, पण श्वासात त्यांच्याच जाणार असतो.

सुप्रभात, राजकारण, "तीन दिवसांत मण्याची साईज" वाल्या जाहिराती यांबद्दल फार लिहीत नाही. त्या निघतात आणि कोणी फारसं भांडत नाही.

खरं अवघड आहे ते पैशाचं. हंगामात दरवर्षी कुठला ना कुठला व्यापारी माल उचलून पैसे न देता गायब होतो. मग शेतकरी त्याचं नाव ग्रुपवर टाकतो. पाठोपाठ मला फोन येतात, "काढा तो मेसेज, अब्रूनुकसानीची केस होईल." मी काढत नाही. मात्र लिहिणाऱ्याला सांगतो, स्वतःच्या नावाने लिही, सौद्याची पावती टाक, माल कधी गेला ती तारीख टाक. त्या व्यापाऱ्यालाही आम्ही फोन करतो आणि तो जे सांगेल ते त्याच ठिकाणी टाकतो. हे करताना मनात धाकधूक असते. आधार एवढाच की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा हेतू असल्याचं दिसावं लागतं. तेव्हा तर दुसऱ्याचा मेसेज पुसायची सोयही ॲडमिनकडे नव्हती, ती २०२२ मध्ये आली. त्याआधी हातात एकच उपाय होता, माणसालाच ग्रुपमधून काढणं. कितीतरी ग्रुप त्यापायी फुटले.

आता मुकादमाचं. विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात; टोळीचा प्रमुख तो मुकादम. एकदा एका सदस्याने मुकादमाचा फोटो टाकला आणि लिहिलं, "हा उचल घेऊन पळाला, दिसेल तिथे धरा." तो मेसेज मी लगेच काढला. त्यावरून बराच गदारोळ झाला. व्यापाऱ्याचं नाव चालतं, मग मुकादमाचा फोटो का नाही?

फोटो मी दोघांचेही ठेवत नाही. पण मला भीती मुकादमाची जास्त वाटते, आणि ती का, हे तुम्हाला सांगायलाच हवं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचली होती. त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा शेवट कापून केलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आमच्यापासून साक्री लांब नाही. व्यापाऱ्याला पोलीस ठाण्याचा आणि वकिलाचा रस्ता ठाऊक असतो. फोटोतला परका, गरीब माणूस मात्र रस्त्यात चार जणांना दिसला, तर त्याचं म्हणणं ऐकायला तिथे कोण असणार? उचल बुडाली तर ती वसूल करायला मार्ग आहेत. त्या सदस्याला मी त्याच संध्याकाळी भेटलो आणि दोन्हीकडची माणसं बसवून हिशोब करू या म्हणालो. तो अजूनही माझ्यावर नाराज आहे. मी मात्र तो मेसेज उद्याही काढेन.

आमच्या हातात हा अधिकार आहे तो कोणासमोर तरी मोकळा असला पाहिजे, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. म्हणून मेसेज काढला की कारण ग्रुपवरच एका ओळीत लिहितो. मूळ मजकूर जपून ठेवतो, ज्याला बघायचा असेल त्याला दाखवतो. आमच्या तिघांत दुकानदार नाही, कन्सल्टंट नाही, कोणत्याही कंपनीचा माणूस नाही. आमच्यावरची टीका आम्ही कधीच काढत नाही, ती कितीही कडक असो. आणि "फक्त ॲडमिनच लिहू शकतील" ते बटण आम्ही दाबत नाही. पावसाच्या रात्री ते दाबलं असतं, तर दोन वाजताचा तो प्रश्न कोणी कुठे विचारला असता?

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दर वर्षी एक ॲडमिन बदलतो. यंदा माझी पाळी आहे, मी बाजूला होतोय. "काढणारे तुम्ही कोण" असं विचारणाऱ्यांपैकी कोणी माझ्या जागी यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. दोघांशी बोललोय. एकाने विचार करून सांगतो म्हटलंय.