पिवळ्या पिल्लाचे तपकिरी नाक : लॅब्रॅडॉरच्या वेताची पुढची नोंद

मागच्या नोंदीतील ज्या पिवळ्या पिल्लाचे नाक काळे होण्याची आपण वाट पाहत होतो, ते डडली, म्हणजे काळ्याऐवजी तपकिरी नाकाचे पिवळे पिल्लू, असल्याचे आता निश्चित झाले आहे. पिवळी पिल्ले गुलाबी नाकानेच जन्मतात आणि ते हळूहळू काळे होते. याच्या पिवळ्या भावंडांचे तसे झालेही. याचे नाक मात्र तपकिरी छटेवरच थांबले. थंडीत फिकट पडणाऱ्या नाकाचा हा प्रकार म्हणावा, तर त्यात डोळ्यांच्या कडा काळ्याच राहतात. याच्या डोळ्यांच्या कडा आणि ओठही तपकिरी आहेत. ही तपासणी सकाळच्या उन्हात, शेजारी पांढरा कागद धरूनच करावी, कारण घरातल्या दिव्याखाली काढलेल्या मोबाइलच्या फोटोवर माझा मुळीच विश्वास नाही.

जातीच्या मानकाला काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तीनच रंग मान्य आहेत व पिवळ्यात फिक्या क्रीमपासून फॉक्स रेडपर्यंत सर्व छटा बसतात, त्यामुळे अंगाच्या रंगाबद्दल तक्रार नाही. परंतु अमेरिकन केनेल क्लबचे मानक पिवळ्या कुत्र्याला काळेच नाक मागते. या वेताची आई रेवा हिच्या वंशावळीत चॉकलेटी आजी असल्याने तिच्याकडे दबलेला लहान बी (तपकिरी रंग आणणारे अप्रभावी जनुक) असणार, हे गृहीत होते; काळ्या नाकाच्या पिवळ्या नराकडेही, म्हणजे पिल्लांच्या बापाकडेही, तो निघाला, हे जिवाला लागले. ई या जनुकाच्या जागेवर आई-बाप दोघांकडून लहान ई आले की केसांतील काळे-तपकिरी रंगद्रव्य थांबून कुत्रा पिवळा होतो, पण नाकाचा रंग बी जागाच ठरवते आणि तिथेही दोन्ही लहान बी आले की डडली निपजतो. रेवा दोन्ही जागी मिश्र (एक मोठे, एक लहान) आणि नर बी जागी मिश्र, म्हणजे या जोडीच्या दर पिल्लामागे ही शक्यता १/८ होती. नाक काळे करणारी म्हणून विकली जाणारी शेवाळाची पावडर कृपया कोणी सुचवू नये. जनुकांनी ठरवलेला रंग ती बदलू शकत नाही.

त्याच १/८ हिशेबातून आलेली चॉकलेटी मादी मात्र अप्रतिम आहे : एकसारखा गडद रंग, छातीवर पांढरा ठिपकासुद्धा नाही आणि शेपूट मुळाशी हवी तशी जाड.

हीच जोडी पुन्हा लावण्याचा बेत रद्द केला असून या वेतातील काळी मादी ठेवण्याचे ठरवले होते. परंतु हा हिशेब मांडताना चॉकलेटीच ठेवावी असे प्रकर्षाने वाटू लागले आहे. तिला दोन्ही मोठे बी असलेला पिवळा नर दिला, तर निम्मी पिल्ले काळी व निम्मी काळ्या नाकाची पिवळी अपेक्षित राहतील आणि डडली निघणारच नाही. त्यासाठी नराची चाचणी लहान बीच्या बी-एस, बी-डी व बी-सी या तिन्ही प्रकारांसाठी व्हायला हवी. एकच प्रकार तपासणारी स्वस्त चाचणी इथे निरुपयोगी आहे. असा तपासलेला नर कोणाकडे असल्यास अहवालासह जरूर कळवावे.