बॉक्साईट संपल्यावर सड्यावर काय उरतं?

राधानगरीच्या वाटेवर बहुतेक गाड्या दाजीपूरचे गवे बघायला निघालेल्या असतात. आम्ही भाद्रपदातल्या उघडिपीत दुर्गमानवाडला वळलो. विठ्ठलाईचं दर्शन तर घ्यायचं होतंच, शिवाय या भागातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या सपाट कातळांवर, बॉक्साईट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज) काढून झाल्यावर जमिनीचं काय होतं, तेही बघायचं होतं.

खोदाई न झालेल्या कातळावर बोटभर माती आणि तिच्यात सीतेची आसवं, गेंद ही पावसाळी फुलं. गुडघे टेकून बघितलं तर दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या लालसर पानांवर चिकट थेंब, आणि एकात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. या मातीत नत्राची वानवा, म्हणून ही वनस्पती किडे धरते.

पुढं भर घालून सपाट केलेला पट्टा लागला. रांगेनं ऑस्ट्रेलियन बाभळी, लांबून हिरवंगार. आत शिरलो तर पायाखाली न कुजलेल्या वाळक्या पानांचा थर, गवताची काडी म्हणून नाही. सोबत आलेले गावातले मामा म्हणाले, "झाडं लावल्यात की, फोटूत झकास दिसत्यात. पर म्हसरांनी काय खायाचं?"

खाण बंद करण्याचा आराखडा कायद्यानं द्यावाच लागतो. त्यात रोपांचा आकडा दाखवणं सोपं. पण इथं वर दाट रान मुळात नव्हतंच. होतं ते गवत, पावसाळी फुलं आणि पाणी. सच्छिद्र जांभा पाऊस पोटात घेतो आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून सोडतो, त्यावर खालच्या वाड्या जगतात. म्हणून माझं सरळ मत आहे: खोदाईआधी वरची माती वेगळी काढून ठेवावी, खड्डे निघालेल्याच दगडमुरमानं भरावेत, वर तीच माती पसरावी. गवताफुलांचं बी तिच्यातच असतं. लाल गाळ भातखाचरांत उतरू नये म्हणून चर आणि बांध हवेत. झाडं लावायचीच तर कडेच्या उतारावर, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी इथलीच. वरचा माळ चाऱ्याला मोकळा सोडावा.

संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर भेळ खाताना याच विषयावर वाद रंगला. रंकाळाही मूळची दगडाची खणच, असं कोल्हापुरात सांगतात. शेजारच्या इराणी खणीत आता गणपतींचं विसर्जन होतं. मित्राचं म्हणणं, मग सड्यावरचे खड्डेही तळी म्हणून ठेवा की! मला ते पटत नाही. शहरातली खण काळ्या पाषाणात आहे, तिथं पाणी टिकतं. जांभ्याचा खड्डा पावसाळ्यात तुडुंब दिसेल, उन्हाळ्यात त्याचा भरवसा कुणी द्यायचा? आणि तेव्हाच तर गुरांना पाणी लागतं.

जाणार असाल तर गाडी डांबरी रस्त्यावरच लावा. सड्यावर चाकं घातली की बोटभर मातीसुद्धा उरत नाही.