बेबो गैरहजर

आमची शाळा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, सरकारी मराठी प्राथमिक. घरी कोंकणी, वर्गात मराठी, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत माझ्या कविता. हजेरीपुस्तकाखाली दडवलेल्या वहीत मी त्या लिहिते. प्राणी शाळेत येतात, दंगा करतात, बोलणी खातात. उशिरा येणाऱ्या मुलाला नाव घेऊन बोलण्यापेक्षा कासवाला बोललेलं बरं. लेकी बोले, सुने लागे.

जूनमध्ये बेडकाची वाचली:

बेडूकरावांनी बुडवली शाळा,
पावसात भरला गाण्याचा मेळा!

कुणी हसलं नाही. "बेडूक म्हणजे बेबो न्हय, टीचर?" एकीने खात्री करून घेतली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "तो शाळा चुकोवंक ना. ताका धरून व्हेलो!"

पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक धरायला निघणारे लोक इथे आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी असली तरी बेडकाच्या मटणाचं 'जंपिंग चिकन' हे लाडकं नाव अजून मोठ्यांच्या तोंडी आहे, आणि मोठ्यांच्या तोंडचं सगळं मुलांच्या कानात. या दिवसांत नर बेडूक लिंबासारखा पिवळाधमक होतो, ओरडताना त्याच्या गळ्याशी दोन निळे फुगे येतात, म्हणून उजेडात तो लगेच सापडतो, हे मला त्या मागच्या बाकानेच शिकवलं. माझ्या वहीतला बेडूक हिरवाच होता. पुस्तकात बघून काढलेला, दुसरं काय!

बेडकाला परत आणल्याशिवाय वर्ग पुढे सरकेना. शेवटी तो चिखलाने माखून आला आणि 'हजर' म्हणाला, असं कडवं जोडलं.

सिंह हेडमास्तर मात्र साफ पडले. सिंह कुणी पाहिलाय? "गवो घाल," अशी मागणी आली. गवा गोव्याचा राज्यप्राणी, वर मुलांच्या कुळागरातला, म्हणजे बागायतीतला, नेहमीचा पाहुणा. मी घातला. तो बाकावर मावेना, आणि तो रस्ता ओलांडेपर्यंत सगळी शाळा खोळंबली, एवढंच कवितेत. टाळ्या पडल्या.

सोमवारी आमचा नेहमीचा उशीरवाला दारात उभा. चड्डी भिजलेली, एका पायात चप्पल. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "टीचर, कुळागरांत गवो आसलो."

गवा होता की नव्हता, बघायला कोण जातंय? म्हटलं, बस.