तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही अजून प्लॉट का घेतला नाही

लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये, बुधवारच्या बाजारात, कुठेही कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला असतो. "दोघं कमावता, अन् अजून भाड्यानंच राहून राहिले काय? एखादा प्लॉट तरी घेऊन टाकायचा ना बाप्पा!" इतकी वर्षं मी "बघू" म्हणून विषय बदलत आले. आता तसं करवत नाही. विचारताच आहात, तर पूर्ण ऐका.

आधी एक गैरसमज. आम्ही पैसे उडवत नाही. पगार झाला की घरखर्चाआधी तीन ठिकाणी पैसे जातात: पीपीएफ, शेअर बाजारातला एक इंडेक्स फंड आणि बँकेतल्या मुदत ठेवी. ठेवी मुद्दाम लहान लहान आहेत, म्हणजे अडचण आली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज शाबूत. त्याही दोन बँकांत, कारण एका बँकेत व्याज धरून ५ लाखांपर्यंतच विमा मिळतो. यावर तुम्ही म्हणता, "ठेवीत काय मिळते? महागाई खाऊन टाकते." खरं आहे. पण त्या ठेवी कमाईसाठी ठेवलेल्याच नाहीत. त्या कशासाठी आहेत, हे सांगायचं तर २०१३ च्या उन्हाळ्याकडे जावं लागेल.

बाबांनी नागपूरजवळच्या बेसा भागात एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाचं नाव निघालं तसे तिकडचे भाव चढले, आणि दर दिवाळीला बाबा आम्हाला त्याची आजची किंमत सांगायचे. आमच्या घरात शिल्लक म्हणजे तोच प्लॉट. मग आईला बायपास सांगितली. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये तिला ठेवलं, आणि काउंटरवर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भरायची रक्कम सांगितली. ती आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे तिच्या कितीतरी पट किमतीची जमीन होती.

बाबा घरी जाऊन फाईल घेऊन आले. विक्रीपत्र, लेआउटचा नकाशा, नागपूर सुधार प्रन्यासमध्ये डिमांड, म्हणजे प्लॉट नियमित करून घ्यायची रक्कम, भरल्याची पावती, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेलं. एक दलाल हॉस्पिटलमध्येच आला. जिन्याखाली, पाण्याच्या मशीनजवळ उभ्या उभ्या त्यानं कागद चाळले.

"काकाजी, आर.एल. कुठाय? नियमितीकरणाचं पत्र?"

"डिमांड भरली आहे. आर.एल. यायचं आहे."

"मग पार्टी अर्ध्यातच घेईन. इसार दोन दिवसांत, बाकीचं दोन महिन्यांनी."

बाबांनी फाईल परत पिशवीत घातली. बँकेतही हेच झालं. नियमितीकरणाचं पत्र नसलेल्या प्लॉटवर कर्ज देता येत नाही, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं, आणि ते चुकीचं बोलत नव्हते. नागपुरातल्या अनधिकृत लेआउटच्या, ५७२ आणि १९०० च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याद्यांत ज्यांचे प्लॉट अडकले, त्यांना हे नवीन नाही.

संध्याकाळी नर्सनं आईच्या अंगावरचे दागिने उतरवून रुमालात बांधून माझ्या हातात दिले. मंगळसूत्र, कानातले, दोन पाटल्या. दादानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्ही बाबांना विचारलं नाही, आईला तर नाहीच. दादा पाटल्या घेऊन इतवारीत गेला आणि गहाण ठेवून आला. बाकीचे पैसे मामाजींनी दिले. सकाळी काउंटरवर रक्कम भरली. आई वाचली. हातात बांगड्या घालण्याइतकी ताकद आली तेव्हा तिनं पाटल्यांबद्दल विचारलं नाही. ते न विचारणं मला आजही सहन होत नाही.

पुढे मामाजींचं देणं आणि पाटल्यांवरचं व्याज फेडायला बाबांनी तो प्लॉट विकलाच, आर.एल. न येताच, मिळेल त्या भावात.

तेव्हापासून मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत आले की जमिनीत पैसा म्हणजे बुडालेला पैसा. आज त्या वेळच्या माझ्याशीच माझं पटत नाही. तिला मी म्हणेन, बाई, त्या रात्री उपयोगी पडलं ते सोनंही वर्षानुवर्षं काही न कमावता आईच्या हातातच होतं ना? आणि ज्या फंडाची तू बाजू घेतेस, त्याचं काय? जानेवारी २०२० मध्ये ४१ हजारांच्या वर असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. आईचं ऑपरेशन त्या आठवड्यात असतं, तर फंड विकून पैसे मिळाले असते, पण केवढा तोटा सोसून! यावर तिचं उत्तर असं, की कमी का होईना, मिळाले तर असते. ते मला खोडता येत नाही.

आणि हेही सांगते. बाबांच्या त्या प्लॉटसमोर आता सिमेंटचा रस्ता आहे. आज त्याचा जो भाव सांगतात, तो ऐकून माझ्याही पोटात कालवतं. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मी घरमालकांच्या फोनची धास्ती घेते. मुलीनं भिंतीवर चित्रं लावली तर खिळा कुठे ठोकायचा, हे विचारावं लागतं. वास्तुशांतीला जाते, मनापासून जेवते, आणि परत येताना आम्ही दोघंही गाडीवर गप्प असतो. मला घर नको आहे, असं कधी म्हणाले असेन तर ते खरं नव्हतं.

सध्या आमच्यात वाद चालू आहे. यांनी बेलतरोडीकडे एक फ्लॅट पाहिलाय. महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी आहे, आर.एल. आहे, कागद स्वच्छ आहेत. पण अशा रकमेच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. उरलेले २० टक्के, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आपल्या खिशातून. म्हणजे सगळ्या ठेवी एका दिवसात संपणार. मी म्हणते, वर्षभराचा खर्च आणि दवाखान्याचे पैसे वेगळे राहत असतील तर आजच सही करते. हे म्हणतात, तसं करत बसलो तर पन्नाशी येईल आणि तोवर भाव कुठे गेलेले असतील! त्यांचंही खोटं नाही. रविवारी पुन्हा फ्लॅट बघायला चाललोय. सोबत दादालाही बोलावलंय.