झिका आणि बाळाच्या डोक्याचा घेर

आज धाकट्या बहिणीसोबत सोनोग्राफीला गेले होते. डॉक्टरांनी पडद्यावर बाळाच्या डोक्याभोवती ठिपक्यांची रेघ ओढली, घेर मोजला आणि "व्यवस्थित आहे" म्हणाल्या, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. झिकाच्या बातम्यांनी तिची झोपच उडवली होती.

हा विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात एका माकडात सापडला. पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये साथ आली, लहान डोक्याची, मेंदूची वाढ खुंटलेली बाळं जन्मू लागली, तेव्हा जग जागं झालं. मला धास्ती वाटते ती याची, की लागण झालेल्या बहुतेकांना काही जाणवतच नाही. ना ताप, ना पुरळ. आईला पत्ताही नसतो आणि विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो. शारीरिक संबंधांतूनही तो पसरतो, यावर तर घरात कुणी बोलतच नाही. नवऱ्यांनाही समोर बसवून हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लस अजून नाही. झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. घरी येऊन पिंप आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या केल्या, काठ घासून काढले. या डासाची अंडी काठाला चिकटतात आणि सुकली तरी महिनोन्महिने तग धरतात. घरात कुणी गर्भवती असेल, तर दर आठवड्याला एवढं नक्की करा.